नवीन पनवेलच्या चौकात ज्यूडासचा आवाज

गोपाळकाल्याची संध्याकाळ. नवीन पनवेलमधल्या तुमच्या सेक्टरात दोन इमारतींच्या मधोमध दोर ताणलाय आणि हंडी अजून शाबूत आहे. पथक पाचव्या थरावर कोसळलंय. ओल्या बनियनमधली पोरं पुन्हा गोळा होताहेत, आणि तेवढ्या वेळात टेम्पोवरचा साउंडवाला एकामागून एक कृष्णाची गाणी सोडतोय. तुम्ही पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभे आहात. तुमचं वय पासष्टीच्या पुढे आहे. दादरची भाड्याची खोली सोडून इथे परत आलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

‘डिस्को डान्सर’मधलं, कृष्णाला पृथ्वीवर बोलावणारं गाणं सुरू होतं. चाळीस वर्षं हे गाणं दर गोकुळाष्टमीला तुमच्या कानांवरून गेलंय आणि तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही. आज स्पीकरचं तोंड नेमकं तुमच्या गॅलरीकडे आहे. साउंडवाला काहीतरी तपासायला बेस पूर्ण उतरवतो. छातीवर आदळणारे ठोके थांबतात आणि गाणाऱ्याचा गळा उघडा पडतो. ओळीच्या शेवटी तो स्वर सरळ सोडत नाही, किंचित घासतो, टोकाला जरा फाटू देतो, तरी सुरातून निसटू देत नाही. हा गळा तुमच्या ओळखीचा आहे. पडद्यावरचा नव्हे, समोर बसून ऐकलेला.

तुम्ही चपला अडकवून खाली उतरता.

“काय झालं काका, आवाज कमी करू?” टेम्पोवरचा मुलगा विचारतो.

“नको रे. गाणं म्हटलंय कोणी, तेवढं बघ ना.”

तो फोन तुमच्यापुढे धरतो. फोटो मिथुन चक्रवर्तीचा. खाली बारीक अक्षरांत संगीतकार बप्पी लाहिरी, आणि गायक नंदू भेंडे.

तुम्ही ते नाव दोनदा वाचता, आणि वर्षं उलटी जायला लागतात.

पहिला थांबा १९८२ अखेरचा. तुम्ही बावीस वर्षांचे आहात, टॉकीजच्या लाकडी खुर्चीवर मित्रांबरोबर दाटीवाटीने बसलात. श्रेयनामावली पडद्यावरून सरकते, पण ती वाचायला कोणी आलेलं नाही. जो आवाज येतो तो मिथुनचा, असा त्या अंधारातला करार आहे. पुढे हा चित्रपट सोव्हिएत रशियात तुफान चालला, तिथल्या बायाबापड्यांनी मिथुनला घरातला मानलं. गायकापर्यंत यातलं किती पोचलं असेल, हा प्रश्न तुमच्या मनात तेव्हा आला नाही. आज येतो. ज्या चालीवर कृष्णाला हाक मारली आहे ती मुळात येशूवरच्या गाण्याची, इंडोनेशियातून हॉलंडला गेलेल्या टिलमन बंधूंची. कृष्णाच्या गाण्याखाली येशूचं गाणं आहे, आणि ते म्हणणारा माणूस आठ वर्षांपूर्वी रंगमंचावर येशूला धरून देणारा ज्यूडास होता. टॉकीजमधल्या एकालाही हे माहीत नाही. तुम्हालाही नाही.

आणखी मागे चला. १९७८.

पायांखालचा डांबरी रस्ता जातो. जिथे तुमची इमारत आहे तिथे भातखाचरं आहेत. पोदी, विचुंबे, सुकापूर, आसूडगाव ही तेव्हाही आहेत, पण गावं म्हणून. सेक्टर आणि प्लॉट नंबर तेव्हा सिडकोच्या नकाशात. सिडको स्थापन होऊन आठ वर्षं झालीत आणि ज्यांची खाचरं आहेत त्यांच्या ओसरीवर भूसंपादनाशिवाय दुसरा विषय नाही. इथले खासदार दि. बा. पाटील आहेत, गेल्या वर्षीच निवडून आलेत. सरकारी पाट्यांवर जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा आहे, रायगड व्हायला तीन वर्षं बाकी आहेत. हार्बरची लोकल इथे यायला तर वीस वर्षं लागणार आहेत. दिवा मार्गावर गाड्या आहेत, पण तुम्हाला संध्याकाळच्या प्रयोगाला मुंबईत पोचायचं आहे, म्हणून एसटीच बरी.

बांधावरून चालत तुम्ही जुन्या पनवेलकडे निघता. धूतपापेश्वरच्या कारखान्याकडून काढ्यांचा वास येतो. गल्लीत बेने इस्रायली ज्यूंचं बेथ एल सिनेगॉग आहे, १८४९ सालापासूनचं. तुम्ही त्याच्यासमोरून रोज जाता, इथली मुलं त्याला मशीद म्हणतात आणि इस्रायली शेजाऱ्यांना शनवारतेली. आज संध्याकाळी ज्याला ऐकणार आहात त्याची आई याच समाजातली, माहेरची लिली एझिकेल. मराठी रंगभूमीने तिला आशा भेंडे म्हणून ओळखलं, आणि लोकसंख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तारा कानिटकरांबरोबर लिहिलेल्या जाडजूड पाठ्यपुस्तकामुळे. बेने इस्रायली याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नवगावला उतरल्याचं सांगतात. म्हणजे मुंबईच्या रॉकचा हा गवय्या आईकडून तुमच्याच जिल्ह्याच्या मातीचा. त्या गल्लीतून जाताना तुम्हाला याची कल्पना नाही.

पनवेलच्या स्टँडवर लाल गाडी लागते. कंडक्टर चिमटा वाजवत सगळ्यांना पुढे सरकवतो. खिडकीशी तुम्हाला जागा मिळते. वाशीचा खाडीपूल होऊन पाच वर्षंच झालीत, आणि गाडी पुलावर चढली की आजही लोक बोलणं थांबवून बाहेर बघतात. तुम्ही अठरा वर्षांचे आहात. खिशात ‘तीन पैशाचा तमाशा’चं तिकीट आहे.

नाटक पुण्याच्या थिएटर अकादमीचं. ‘घाशीराम कोतवाल’वाली मंडळी, दिग्दर्शक जब्बार पटेल. मूळ ब्रेख्तचं, बर्लिनमध्ये १९२८ साली कुर्ट वाइलच्या संगीतावर उभं राहिलेलं. त्याचंही मूळ दोनशे वर्षं आधीचं, जॉन गे या इंग्रजाचं. मराठीत आणलं पु. ल. देशपांड्यांनी. भिकाऱ्यांचा धंदा चालवणारा एक, दरोडेखोर एक, आणि दोघांनाही धरून असणारा पोलीस. आणीबाणी उठून फार दिवस झालेले नाहीत. पोलीस आणि चोर यांची दोस्ती रंगमंचावर दिसली की प्रेक्षागृहातून जो हशा येतो, त्यात नुसती गंमत नाही, हे अठराव्या वर्षीही तुम्हाला कळतं.

पण तुमचं लक्ष गाण्यांकडे आहे. या नाटकात सगळी पात्रं एका चालीत गात नाहीत. कोणी नाट्यसंगीताच्या थाटात, कोणी लावणीच्या ठसक्यात, कोणी भजनाच्या वळणाने. चंद्रकांत काळे गातात, माधुरी पुरंदरे गातात, आणि प्रत्येकाच्या गाण्याची घडण त्या पात्राची जागा सांगते. मग अंकुश येतो, दरोडेखोरांचा म्होरक्या, म्हणजे नंदू भेंडे. तो रॉक गातो. मराठीत.

इथे थोडं थांबा. आजच्या कानांना यात काही विशेष वाटणार नाही. तोवर मराठीत पाश्चात्त्य चाल यायची ती बहुतेक विनोदासाठी, कॉलेजातल्या गुलछबू पोराची टिंगल करायला. इथे ती टिंगल नाही. अंकुश हा शहराने घडवलेला माणूस आहे. तो परंपरेचं काही देणं लागत नाही आणि त्याच्याकडे ते कोणी मागतही नाही. नाट्यपद त्याच्या तोंडी खोटं वाटलं असतं. त्याचं गाणं त्याच्याइतकंच बेमुर्वत असायला हवं होतं, आणि ते तसं आहे. आवाज छातीतून सुटतो, माइकला लगटून येतो, शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आदळतो. मराठीत हे सोपं नाही. इंग्रजीत आघाताचं अक्षर ठोक्यावर टाकलं की काम होतं. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब असतो, तो मोडला की शब्द परका वाटतो. नंदू भेंडे तो मोडत नाही. दीर्घ स्वरांवर रेंगाळतो आणि घासायचं ते तिथेच घासतो, त्यामुळे शब्द मराठी राहतो आणि गाणं रॉक राहतं. मला विचाराल तर मराठी रॉकचा पहिला खरा धडा तिथे होता, आणि तो आम्ही कोणी वहीत उतरवून घेतला नाही.

तुमच्या शेजारच्या खुर्चीत धोतर-टोपीतले एक आजोबा आहेत. पहिल्या गाण्याला त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. दुसऱ्याला ते पुढे वाकून बसलेत.

मध्यंतरात तुम्हाला तुमच्या आजच्या वयातली माहिती आठवते, आणि तुम्ही तारखा जुळवू लागता. याच वर्षी १४ जानेवारीला सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये सेक्स पिस्टल्सचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि बँड फुटला. रामोन्स मंडळींची पहिली तबकडी १९७६ची. ‘द क्लॅश’ची पहिली १९७७ची. लंडनमधली बेकार पोरं फाटक्या कपड्यांत, तीन स्वरमेळांवर, पोलीस आणि पैसा यांच्यावर ओरडत होती, त्याच दीड-दोन वर्षांत इकडे पुलंच्या टेबलावर लंडनच्याच भुरट्यांचं जुनं नाटक मराठी होत होतं.

मुंबईत पंकची चळवळ होती असं मी म्हणणार नाही. नव्हती. त्याचं कारण पोरांमध्ये राग नव्हता, हे मात्र नाही. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२चा, दलित पँथरही त्याच वर्षीची. शहरावरचा, भुकेवरचा, पांढरपेशा सोज्वळपणावरचा राग मराठीत लंडनच्या चार वर्षं आधी येऊन गेला होता. तो कवितेतून आला, शाहिरीतून आला, गिटारमधून आला नाही. गिटार परवडतच नव्हती. लंडनच्या पोराला जुन्या बाजारात विजेवरची गिटार मिळायची. इथे परदेशी वाद्यावर जबर आयात शुल्क होतं, कलकत्त्यात बनणारी देशी गिटार आणि लग्नमंडपातला लाउडस्पीकर यांवर भागवावं लागे. गरिबाच्या हातात ढोलकी होती आणि डफ होता. विजेवर चालणारं संगीत ज्यांच्या घरी येऊ शकलं, ती मुलं बहुतेक कॉन्व्हेंटची आणि इंग्रजीत गाणारी. राग एका वस्तीत आणि अँप्लिफायर दुसऱ्या वस्तीत, अशी ती मुंबई होती. या दोन वस्त्यांच्या मधला रस्ता ओलांडून जे थोडे आले, त्यांत नंदू भेंडे होते. म्हणून मी त्यांना पंकच्या पिढीचे मानतो. नाव लावायचं असेल तर दुसरं लावा, काम तेच होतं.

प्रयोग संपतो. तुम्ही नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहता, जिथून सामानाच्या पेट्या टेम्पोत चढतात. तो बाहेर येतो. रंग पुसलेला, केस अजून ओले. तुम्हाला पुढचं सगळं माहीत आहे. चार वर्षांनी तो ज्या गाण्यासाठी देशभर वाजणार आहे त्यात त्याचा चेहरा नसेल, हेही माहीत आहे. सांगून काय होणार? तुम्ही बाजूला सरकून वाट देता. तुम्हाला शेवटची एसटी गाठायची आहे.

१९७४मध्ये तुम्हाला कोणी नेलेलं नव्हतं, तेव्हा तुम्ही शाळेत होता. आता जाता येईल.

अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ मुंबईत उभं केलंय. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांचं हे संगीतक तबकडीवर आलं १९७० साली, म्हणजे जगाच्या हिशेबाने अजून ताजं आहे. प्रेक्षागृहात तुमच्या शाळेतलं कोणी नाही, तुमच्या आळीतलंही नाही. आजूबाजूला इंग्रजी चालू आहे. या संगीतकाची रचना अशी की पहिला आवाज येशूचा नाही, ज्यूडासचा आहे. अंधारात गिटार सुरू होते आणि सगळ्यांत आधी तो बोलतो, ज्याला पुढे जग गद्दार म्हणणार आहे. त्याची तक्रार साधी आहे: माणूस मोठा झाला की त्याचं म्हणणं मागे पडतं आणि त्याची पूजा सुरू होते. मुंबईत ही तक्रार नंदू भेंडे मांडतात. गळा चार वर्षांनी तरुण आहे, खडबडीतही जास्त आहे. ‘सॅव्हेजेस’, ‘वेल्व्हेट फॉग’ अशा बँडांत गाऊन तो तयार झालाय.

तुमच्यामागे कोणीतरी कुजबुजतं, आत्माराम भेंड्यांचा मुलगा ना हा? हो, तोच. आत्माराम भेंडे म्हणजे मराठी फार्सचं एक मोठं नाव. बबन प्रभूंनी लिहायचं आणि या जोडीने रंगवायचं. ‘झोपी गेलेला जागा झाला’ने किती घरांना पोट धरून हसवलंय याची मोजदाद नाही. एकाच घरात बाप शिवाजी मंदिरच्या प्रेक्षकाचा लाडका आणि मुलगा इंग्रजी रॉकच्या श्रोत्यांचा. त्या घराच्या जेवणाच्या टेबलावर टायमिंगवर काय बोलणं होत असेल, याची मला फार उत्सुकता वाटत आली आहे. विनोदी नटाला ठोका चुकवून वाक्य टाकायची कला लागते. रॉक गाणाऱ्यालाही तीच लागते.

आणखी मागे फार वेळ थांबू नका, पण बघून घ्या. १९७२ साली कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या क्लबात लेड झेपलिनचे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज येऊन इथल्या वादकांबरोबर वाजवून गेले. १९७१ साली मळवलीला, म्हणजे बोरघाट चढून तुमच्या पनवेलहून दोन-अडीच तासांवर, ‘स्नेहयात्रा’ नावाचा मोकळ्या माळावरचा संगीतमेळा भरला. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जाणारे कोळी त्याच स्टेशनात उतरतात. १९७० आणि १९७१मध्ये सिमला सिगारेटच्या कंपनीने देशभरच्या बँडांच्या स्पर्धा घेतल्या, त्यांतल्या निवडक गाण्यांच्या दोन तबकड्या निघाल्या. त्या पिढीचं जे काही आपल्या हाती ध्वनिमुद्रित उरलं आहे, त्यातला मोठा भाग या दोन तबकड्यांत आहे. सिगारेटच्या जाहिरातीमुळे ते वाचलं. एखाद्या विद्यापीठाने किंवा अकादमीने ते जपलं असतं तर मला जास्त आनंद झाला असता.

आता पुढे या, पण थेट घरी नको, आधी डेट्रॉइटला. तिथे डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी या तीन कृष्णवर्णीय भावांचा एक बँड होता, नाव ‘डेथ’. १९७५ साली त्यांनी जे ध्वनिमुद्रित केलं ते आज ऐकलं तर रामोन्सच्या आधीचं पंक आहे, यात शंका राहत नाही. नाव बदला, मग छापतो, अशी अट आली. डेव्हिड बदलायला तयार नव्हता. त्यांनी स्वतःच्या पैशाने एका छोट्या तबकडीच्या ५०० प्रती काढल्या आणि गोष्ट तिथे संपली. डेव्हिड २००० साली कॅन्सरने गेला. त्यानंतर आठेक वर्षांनी बॉबीच्या मुलाने कॅलिफोर्नियातल्या एका पार्टीत एक जुनं गाणं ऐकलं, आणि गाणाऱ्याचा आवाज आपल्या बापाचा आहे हे त्याला उमगलं. बापाने घरी कधी सांगितलंच नव्हतं. पोटमाळ्यावर मूळ टेप होत्या. २००९ साली त्या तबकडी होऊन जगापुढे आल्या.

मुंबईचंही एक उदाहरण असंच आहे. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या बँडची ‘ऑब्सेशन ७७’ ही तबकडी बाजारात आली तोवर बँड विखुरला होता. तिला विचारणारं कोणी नव्हतं. २०११ साली एका अमेरिकी कंपनीने ती शोधून, माहितीपुस्तिकेसह पुन्हा काढली, आणि मग आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना तिचा शोध लागला.

या दोन गोष्टींत एक समान धागा आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. ही माणसं कमी पडली म्हणून विसरली गेली नाहीत. टेप कुठे आहे यावर सगळं ठरलं. हॅकनींच्या टेप पोटमाळ्यावर टिकल्या म्हणून ते इतिहासात आले. नंदू भेंडे यांचा दोन्ही बाजूंना विसर पडला: इंग्रजी रॉकचा इतिहास लिहिणारे ‘तीन पैशाचा तमाशा’ बघायला आले नव्हते, आणि मराठी नाट्यसंगीताचा इतिहास लिहिणारे रॉकला संगीतात धरत नव्हते. मधला माणूस कोणाच्याच वहीत नीट चढला नाही. १९८०च्या सुमारास डिस्को आला, बँडांच्या नोकऱ्या हॉटेलांत गेल्या. पुढे ‘रॉक मशीन’ आला, १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ भरू लागला, नव्या पोरांना वाटलं सगळं इथूनच सुरू झालं. भेंडे तेव्हाही काम करत होते, मालिकांना संगीत देत होते, गात होते.

११ एप्रिल २०१४ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वडील आत्माराम भेंडे तेव्हा नव्वदीत होते. मुलाच्या मागे दहा महिनेही झाले नाहीत तोच, ७ फेब्रुवारी २०१५ रोजी तेही गेले.

तुम्ही चौकात उभे आहात. पोरांनी पुन्हा थर लावायला घेतलेत. टेम्पोवरच्या मुलाला तुम्ही सांगता, हा गायक मराठी होता, मी त्याला समोर बसून ऐकलंय. त्याला खरंच कुतूहल वाटतं. तो तिथल्या तिथे फोनवर नाटकाचं नाव टाकून शोधतो, थोडं वाचून दाखवतो आणि विचारतो, “त्या नाटकातली गाणी कुठे मिळतील, काका?”

हा प्रश्न आता तुम्हाला, म्हणजे हे वाचणाऱ्या तुम्हाला, विचारतो आहे.

नवीन पनवेल, कामोठे, खांदा कॉलनी, कळंबोली इथे गिरगाव-दादर-परळहून किती कुटुंबं आली हे तुम्ही जाणता. येताना पेट्या आल्या. त्यांत स्पूल आहेत, कॅसेटी आहेत, नाटकांच्या जाहिराती, तिकिटं, कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचे फोटो आहेत. तुमच्या थोरल्या भावाने कधी काळी कॅसेट रेकॉर्डर मांडीवर ठेवून एखाद्या प्रयोगाची गाणी चोरून टिपली असतील. कोणाचे तरी काका बँडमध्ये ड्रम वाजवत असतील आणि पुढे बँकेत लागले असतील. दर दिवाळीच्या साफसफाईत यातली एखादी पेटी भंगारवाल्याला जाते.

ती देण्याआधी उघडा. चुंबकीय फितीचा सगळ्यांत मोठा शत्रू दमट हवा आहे आणि आपल्या खाडीकाठच्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी सहज धरते. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती मशीनमध्ये घालून वाजवायचा मोह आवरा, कारण बुरशी लागलेली फीत वाजवताना तुटू शकते, तिच्यावरचा थर खरवडला जाऊ शकतो, आणि मशीनमधून बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. कोरड्या जागी, उभी ठेवा. जाणकाराकडून साफ करून एकदाच वाजवा, आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या. प्रती दोन करा, एक घराबाहेर ठेवा. कॅसेटच्या वेष्टनावर जे काही लिहिलंय त्याचा फोटो काढा, ते पुसट होत चाललेलं असतं. आणि ज्यांना आठवतंय अशी माणसं घरात असतील, तर त्यांना समोर बसवून फोनवर त्यांचं बोलणं टिपा: कोणतं साल, कोणतं नाट्यगृह, ड्रमवर कोण होतं, गिटार कोणाची होती, भाड्याची की स्वतःची. नावं विचारा, आडनावासकट विचारा.

मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात, म्हणजे आपण ज्याला एनसीपीए म्हणतो तिथे, ध्वनिसंग्रह आहे. तुमच्याकडे खरोखर दुर्मीळ काही निघालं तर अशा संस्थेला पत्र लिहा. नाहीच जमलं तर निदान तुमच्या गावच्या वाचनालयाला कळवा.

१९७८ साली नाट्यगृहांत बसलेले तेव्हाचे तरुण आज साठीच्या पुढे आहेत, त्यांतले बरेच आपल्याच इमारतींत राहतात. त्यांना या आठवड्यातच विचारा.